संध्याकाळची गोळी

१२ जानेवारी २०२५, रविवार

मला डायरी लिहायची सवय नाही. पण हे कोणाला सांगायची सोय नाही आणि पोटात ठेवून झोप लागत नाही, म्हणून ऑफिसात वाटलेली ही डायरी एकदाची कामाला लावतेय.

शंभूला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, टीबी आहे हे गेल्या आठवड्यात कळलं. औषधं सुरू झाली. काल दुसरा रिपोर्ट आला. एचआयव्हीसुद्धा आहे.

आता योगायोग बघा, हेच माझं काम. पाषाणच्या एका संस्थेत मी कंत्राटी संशोधक आहे. टीबी आणि एचआयव्ही एकाच माणसाला असले तर कोणतं औषध आधी द्यायचं, दुसरं किती दिवसांनी, मध्ये गोळ्या चुकल्या तर काय होतं, ह्याची समीकरणं मांडायची आणि कॉम्प्युटरवर हजारो खोटी माणसं बरी करायची किंवा मारायची. पाच वर्षं हेच चाललंय. रोगाला आमच्या घरचा पत्ता बहुतेक माझ्याच लॅपटॉपवरून मिळाला.

शंभू तेहतीसचा आहे. खराडीच्या ऑफिसांमध्ये एसी दुरुस्त करतो. चंदननगरला चार पोरांबरोबर खोलीत राहायचा, तिथून उचलून त्याला विश्रांतवाडीला माझ्याकडे आणलं. मी एकटीच असते, जागेचा प्रश्न नाही. त्याची बायको शकू गावी, कारंज्याजवळ, आमच्या आईपाशी.

कसं झालं ते मी विचारलं नाही. शकूची तपासणी ताबडतोब करायला हवी, एवढं मात्र बजावलं. दवाखान्यातही त्याला तेच सांगितलं होतं, तर हा म्हणे, बायको गावी आहे, तिथं करून घेतो. मला म्हणाला, "होळीले जातो नं ताई, तवा मीच सांगतो तिले. तोवर घरी टीबीच सांगजो. तुले माही शप्पथ आहे."

मी बरं म्हणाले. समजूतदारपणा वगैरे काही नाही, दमले होते.

२६ जानेवारी, रविवार

टीबीची औषधं अंगवळणी पडली, आता एचआयव्हीची सुरू. सकाळी एक मोठी गोळी, त्यात तीन औषधं एकत्र. आणि संध्याकाळी एक लहान गोळी, वेगळ्या डबीतली.

शंभूनं विचारलं, ही दुसरी कायले? मी सांगितलं, तुझं टीबीचं औषध लिव्हरला फार कामाला लावतं, मग लिव्हर ह्या नव्या औषधालाही भराभर बाहेर काढून टाकतं. ती तूट भरून काढायला संध्याकाळची गोळी, सकाळच्या तिन्हीतलंच एक औषध पुन्हा. टीबीचा कोर्स संपला की तीही बंद. त्याला कळलं. मठ्ठ नाहीच तो, बारावीत नापास झाला तो निव्वळ आळसानं.

सकाळची गोळी माझ्यासमोर घेतो. संध्याकाळची घ्यायच्या वेळी मी बाणेरच्या ट्रॅफिकमध्ये बसलेली असते. फोन करते, तो म्हणतो घेतली. आल्यावर डबी बघते, गोळ्या बरोबर कमी झालेल्या असतात.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पाणी नाही. खडकवासल्यात भरपूर आहे, आमच्या नळाला नाही. सोसायटीनं खाली पाटी लावली आहे: "पाणी जपून वापरावे. ज्यांना जमत नाही त्यांनी नदीकाठी घर घ्यावे." शंभूला दोन वेळा उलटी झाली. बादली, फडकं, भात, ऑफिस. दुसरं काही नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. शंभूचा ताप गेलाय. एक पोळी जास्त खाल्ली. मी लॅपटॉप घेऊन बसले होते, तर मागे येऊन उभा राहिला. "हे काय करून रायली तू?"

आमच्या घरात माझं काम काय असतं हे आजवर कोणी विचारलेलं नाही. आई अजून गावात सांगते, पोरगी पुण्यात मास्तरीण आहे. म्हणून मी हरखूनच गेले आणि सगळं दाखवलं. ही रेष म्हणजे अंगातला विषाणू. दोन्ही गोळ्या घेतल्या की बघ कशी खाली येते.

"अन् संध्याकाळची नाई घेतली तं?"

म्हटलं, वा! हाच प्रश्न तर आमच्या प्रोजेक्टचा आहे. एक आकडा बदलला आणि चालवून दाखवलं. रेष खाली आली, पण रेंगाळत.

"म्हंजे येते नं खाली."

"येते. उशिरा येते."

"अन् ज्याले एकबी भेटत नाई, त्याची?"

तीही काढली. ती अर्थातच वर जाते. शंभू बराच वेळ तिच्याकडे बघत उभा होता. मग मला म्हणाला, तू भारी आहेस ताई. चहाही त्यानंच केला. इतका लक्ष देऊन ऐकणारा विद्यार्थी मी कॉलेजात शिकवत होते तेव्हाही मला मिळाला नव्हता.

३ मार्च, सोमवार

तेजस्विनी मॅडम, म्हणजे आमच्या प्रोजेक्टप्रमुख, मार्चअखेर काहीतरी ठोस हवं म्हणतात. संध्याकाळची गोळी खरंच लागते का, की एकीवर भागेल, हा त्यांचा प्रश्न. लोकांना दोन वेळा गोळी घेणं जड जातं हे खरंच आहे. मी म्हटलं, मॅडम, आमच्या रेषा सरासरी माणसाच्या असतात, त्यावरून एकेका माणसाला सांगता येत नाही. त्या म्हणाल्या, "उत्कर्षा, सरासरी माणसाचंच तरी सांग." टोमणा बरोबर लागला.

आज घरी यायला फार वेळ लागला. पाय दुखतात. शंभूनं वरण-भात करून ठेवला होता.

१७ मार्च, सोमवार

होळीहून आला. येताना आईनं ज्वारीचं पीठ, लोणचं, सगळं बांधून दिलंय.

"शकूला सांगितलंस?"

"पाव्हणे होते घरी. नाई जमलं."

मी खूप बोलले. तुझी बायको आहे ती, तिच्या जिवाशी खेळतोयस, वगैरे. तो मान खाली घालून बसला. म्हणाला, "तिले काई होऊ देत नाई मी. तू नको घाबरू." असं म्हणून काय होणार आहे, बाप्पा! मग मी तरी काय करू? माझ्या तोंडून कळलं तर तो घर सोडून जाईल, औषधं सोडेल. असे सोडून गेलेले लोक मी रोज एका समीकरणात भरते, त्यांचं पुढे काय होतं मला पाठ आहे. पुढच्या खेपेला सांगतो म्हणालाय.

२ एप्रिल, बुधवार

शकूचा फोन. एरवी तिचा फोन म्हणजे तब्येत, पाणी, म्हैस आणि ठेवते ताई. आज खुशीत होती.

"ताई, तुम्ही पाठवल्या त्या ताकदीच्या गोळ्या घेऊन रायली मी रोज. ह्यायनं सांगतलं, ताईनं पाठवल्या, चुकवायच्या नाईत. लय काळजी करता तुम्ही माही."

मी कसल्या पाठवल्या? पण मग लक्षात आलं, शंभूनं मेडिकलमधून कॅल्शियम वगैरे घेतलं असणार आणि खपवलं माझ्या नावावर. लबाड! मी म्हटलं, हो हो, घेत जा. हसू आलं आणि फोन ठेवल्यावर मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती माझे आभार मानते आणि मी तिच्यापासून केवढी गोष्ट लपवतेय.

१९ मे, सोमवार

शंभूला आता घराची ओढ फार लागलीय. पूर्वी सहा-सहा महिने ढुंकून बघायचा नाही, आता दर महिन्याला ट्रॅव्हल्सनं जातो, एक दिवस राहतो आणि परत. दोनदा मी म्हटलं एवढी दगदग नको, तर चिडला. आजारपणानं माणूस बदलतो म्हणतात ते खरं असावं. मला थोडा हेवाही वाटला. माझ्याकडे असं रात्रभर बसमध्ये बसून कोणी आलेलं नाही.

वजन फारसं वाढत नाही. मी अंडी वाढवलीत.

शकूला अजून सांगितलेलं नाही. हल्ली मीही विचारत नाही. विचारलं की दोघांचा दिवस खराब होतो.

९ जुलै, बुधवार

टीबीचा कोर्स संपला! डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं छान आहेत. संध्याकाळची गोळी आणखी दोन आठवडे, मग तीही बंद.

मी येताना विश्रांतवाडी चौकातून पेढे घेतले. आणि ह्याचं तोंड बघावं तर उतरलेलं. "ते दुसरी गोळी चालू नाई ठेवता येत का ताई? डॉक्टरले सांग नं तू. तुह्या वळखीचे आहेत."

लोक गोळ्या सुटल्या म्हणून नवस फेडतात आणि आमचे चिरंजीव गोळ्या द्या म्हणून हट्ट धरतात. मी म्हटलं, तिचं काम संपलं, आता ती शरीराला नुसता ताप. तर ताट सरकवून उठला. पेढ्यांना हात लावला नाही. सवय मोडायची भीती वाटत असेल. दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडमना विचारायला हवं, असं होतं का म्हणून.

२५ जुलै, शुक्रवार

सहा महिन्यांची विषाणूची तपासणी आली. आकडा जिथे असायला हवा तिथे नाही. शून्याच्या आसपास हवा, तो त्याच्या जवळही नाही.

डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या नियमित? शंभूच्या आधी मीच बोलले. "डॉक्टर, मी स्वतः डबी बघते. एकही चुकलेली नाही." अगदी छाती काढून बोलले. शंभू फरशीकडे बघत होता. डॉक्टर म्हणाले, मग औषध लागू पडत नसण्याची शक्यता बघावी लागेल, परत तपासू.

औषध लागू पडत नाही म्हणजे काय, हे शंभूला माहीत नाही. मला माहीत आहे. रिक्षात त्याचा हात धरून बसले होते. लहानपणी शाळेत नेताना धरायचे तसा. तो म्हणाला, "रडू नको नं ताई." मी रडत नव्हते. निदान तोवर तरी.

संध्याकाळी तेजस्विनी मॅडमना मेल केला, की एकही गोळी न चुकवता उपचार फसल्याचं उदाहरण समोर आलंय, आपल्या समीकरणातला सहगुणक चुकत असावा. माझ्या भावाला मी 'उदाहरण' लिहिलं. पाठवून झाल्यावर लक्षात आलं.

३ ऑगस्ट, रविवार

दुपारी शकूचा फोन. "ताई, ताकदीच्या गोळ्या संपून रायल्या. हे म्हणतात आता भेटत नाईत. तुम्हीच पाठवा नं. लय गुण आला मले त्याचा."

मी म्हटलं, अगं कॅल्शियम कुठेही मिळतं, तुमच्या कारंज्याला घे. नाव काय आहे बघ. ती म्हणाली, नाव नाही, हे पुडीत बांधून आणतात. फोटो टाकते.

फोटो आला. तिच्या तळहातावर शेवटची एक गोळी. लहान, त्यावर कोरलेला आकडा. ती गोळी मी झोपेतही ओळखेन. सहा महिने रोज संध्याकाळी जिची डबी उघडून बघत होते, ती.

शंभू गॅलरीत कपडे वाळत घालत होता. मी फोन त्याच्या तोंडासमोर धरला. त्यानं शर्ट परत बादलीत ठेवला.

"तूच तं दाखवलं होतं," म्हणाला. "एका गोळीनंबी रेष खाली येते म्हणून. माह्याकडं दोन होत्या. तिच्याकडं एकबी नाई. मंग मी दोन्ही खाऊ का?"

"अरे गाढवा, तिला तिच्या नावाची औषधं मिळाली असती! फुकट! पूर्ण!"

"मंग तिले सांगा लागलं असतं."

फेब्रुवारीपासून हा माणूस स्वतःचं अर्धं औषध साठवून, पुड्या बांधून रात्रभराच्या प्रवासानं पोचवत होता, पण एक वाक्य त्याच्या तोंडून निघत नव्हतं. आणि ती एकटी लहान गोळी म्हणजे उपचार नव्हेच. तिनं विषाणू मरत नाही, उलट तिला सरावतो. मग शकूला खरं औषध द्यायची वेळ येईल तेव्हा तेही कदाचित चालणार नाही. हे मी त्याला ओरडून सांगितलं. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

तो बादलीशेजारी खाली बसला. "म्हंजे मी तिले मारलं का ताई?"

मी म्हणाले, माहीत नाही. खरंच माहीत नाही. रागानं मी त्याला मारलंही, पाठीत, दोन धपाटे. मग त्याच्याशेजारीच ओल्या फरशीवर बसले. ती रेष सरासरी माणसाची आहे, तुझी नाही, हे मॅडमना मी सांगितलं. त्याला सांगायचं राहिलं. तो माझं काम बघतोय ह्याचंच मला केवढं कौतुक!

१२ ऑगस्ट, मंगळवार

शकू आली. समुपदेशक मॅडमच्या खोलीत शंभूनं तिला स्वतः सांगितलं, कसं झालं, कधी झालं, सगळं. ते मी इथे लिहीत नाही. तिची तपासणी झाली. आहे.

डॉक्टर म्हणाले, आता पूर्ण औषधं सुरू करू, दोघांचीही. तिच्यावर किती चालतील ते काही महिन्यांनी कळेल. शंभूचंही तसंच. घाबरून उपयोग नाही, थांबायचं.

तेजस्विनी मॅडमना मेल केला, आधीचा मेल रद्द समजावा. कारण लिहिलं नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

तीन दिवस शकू बोलली नाही. भांडी घासली, केर काढला, शंभूला गोळ्या दिल्या, स्वतः घेतल्या. मी काही विचारलं की हाव, नाई. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आज सकाळपासून चूलही पेटवली नव्हती कोणी. म्हणजे गॅस. मी रजा टाकली होती.

उन्हं उतरल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली.

"ताई, आत्याबाईले फोन लावा." आत्याबाई म्हणजे तिची सासू, आमची आई.

"कशाला?"

"आज ना उद्या गावात माहीत पडन. मंग सगळे म्हणतीन, शकूनंच आणलं घरात. आत्याबाईबी म्हणतीन. मले तं त्याच घरात राहायचं आहे. कोणाकडून कोणाले आलं, ते तुम्ही सांगा. माह्यासमोर."

मी म्हटलं, सांगू गं, पण आईचं वय बघ, बीपी आहे, कसं सांगायचं ह्याचा जरा विचार करू.

"तुम्ही लय विचार केला ताई. जानेवारीपासून करून रायल्या."

शंभू भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, मी सांगतो. शकूनं त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. "तुमचं कोणी खरं मानत नाई, म्हणतीन बायकोले झाकून रायला. ताईचं मानतीन, ताई शिकेल आहे."

फोन लावला. शकूनं स्पीकर सुरू केला. आईनं उचलताच पाऊसपाणी सुरू केलं, मी तिला तोडलं. म्हटलं, आई, शंभूला टीबीबरोबर एचआयव्हीपण आहे. शकूलाही झालाय. आई म्हणाली, "अग्गो माय." मग आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "तिनंच कुठून..."

"नाही आई. शंभूकडून तिला. शंभूनं स्वतः सांगितलंय."

"पण बाई, कोणाले माहीत..."

"मला माहीत आहे. शंभूकडून शकूला. आणि मला जानेवारीपासून माहीत होतं. मी लपवलं. शकूला काहीच माहीत नव्हतं, तिचा ह्यात काहीही दोष नाही. कोणी विचारलं तर हेच सांगायचं, आई. दुसरं काही बोललीस तर मी स्वतः गावात येऊन सांगेन."

आयुष्यात आईशी अशी कधी बोलले नव्हते. रडू आलं, ते थांबवलं नाही. शकूचं लक्ष माझ्यावर नव्हतं, फोनवर होतं. पलीकडे आईच्या श्वासाचा आवाज येत होता. कोणीतरी म्हशीला हाकलत होतं.

मग आईनं विचारलं, "शंभू जेवला का?"

शकूनं फोन स्वतःकडे ओढला.

"जेवले आत्याबाई," ती म्हणाली. "आम्ही सगळेच जेवलो."

फोन ठेवून ती उठली आणि कुकर शोधू लागली.